एकच ओरखडा

“वैनी, बूड एकदाच घासलंय,” बाबालाल मिस्त्री म्हणाले. “रस्ता खराब असता तर सगळीकडं ओरखडे दिसले असते. हितं एकच हाय, आडवा. स्प्रिंगला हात लावायच्या आधी त्या जागेला जाऊन जरा खाली उतरून बघा.”

गाडी लिफ्टवर चढवलेली होती आणि मिस्त्री तिच्या पोटाखाली उभे राहून टॉर्च मारत होते. माझ्या कडेवर गार्गी, आणि गार्गीला ग्रीसचा डबा हवा होता. साडेदहाला माझं लेक्चर होतं. मी त्या ओरखड्याकडं पाहिलं न पाहिलं आणि म्हणाले, “मिस्त्री, रस्त्यात काय बघायचं? तो तुमच्याही हातात नाही, माझ्याही नाही. गाडीचं काय करता येईल तेवढं सांगा.”

“गाडीचं धा प्रकारे करता येतंय की. पण...”

“पण नको. दहा प्रकार सांगा.”

मिस्त्रींनी टॉर्च बंद केला. “मग सायबांनाच पाठवा,” ते म्हणाले. “धा प्रकार त्यास्नी माझ्यापरास जास्त म्हाईत हाईत.”

हे मात्र खरं होतं. धैर्यशील, म्हणजे माझा नवरा, फाउंड्रीत क्वालिटी बघतो. दिवाळीपासून त्यानं गाडीच्या सस्पेन्शनचे इतके व्हिडिओ बघितले होते की आमची तीन वर्षांची गार्गी ‘आई, पाणी’ म्हणावं इतक्या सहज ‘ग्राउंड क्लिअरन्स’ म्हणायला लागली होती.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची गाडी लहान, पाच वर्षं वापरलेली. कोल्हापुरात रोज मी ती चालवायचे, आधी गार्गीची बालवाडी, मग माझं कॉलेज. घर ते बालवाडी या वाटेवर नऊ स्पीडब्रेकर आहेत आणि त्यातले तीन तरी माणसांवर राग असलेल्या माणसानं बांधलेत. हा झाला रोजचा रस्ता. महिन्यातून एकदा जायचा रस्ता अप्पांकडचा. अप्पा, माझे वडील, आजऱ्याच्या पुढं काजूच्या बागेत एकटे राहायचे. एकतीस वर्षं एसटी चालवून रिटायर झालेले. आई गेल्यावर कोल्हापूरला चला म्हटलं तर “तुमच्या दुसऱ्या मजल्यावर माझा जीव घुसमटतो” म्हणून फोन ठेवून द्यायचे. डांबरी रस्ता सुटल्यावर त्यांच्या घरापर्यंत तीन किलोमीटर लाल माती. मेपर्यंत गाडी थेट दारात जायची. पावसाळ्यात जाणं झालं नाही. आणि दिवाळीत घर दीडशे पावलांवर असताना गाडी एका चरीत टेकली. बूड घासल्याचा तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

अप्पा तिथंच होते. चरीच्या अलीकडं काजूच्या झाडाखाली दगडावर बसून आमची वाट बघत होते, पांढरी टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. चरीवर त्यांनी झावळ्या टाकून ठेवल्या होत्या, चाक रुतू नये म्हणून. आवाज ऐकून उठले आणि हात वर करून ओरडले, “मागं घ्या, धैर्यशीलराव, मागं घ्या. पावसानं चर पाडलीया. म्होरं अजून दोन ठिकाणी असंच हाय.”

“मग आम्ही चालत येतो वर,” मी म्हणाले.

“कशाला? पोरीला ऊन लागंल. हितं सावली हाय की.”

त्यांनी येताना चहाचा थर्मास आणला होता, काजूची पिशवीही भरून आणली होती. चाळीस मिनिटं आम्ही झाडाखाली बसलो. गार्गीनं त्यांच्यासाठी काढलेलं चित्र दिलं. अप्पांनी ते जवळ धरलं, लांब धरलं आणि म्हणाले, “वा, हत्ती झकास जमलाय.”

“हत्ती नाही, बस आहे,” गार्गी म्हणाली. “तुमची.”

आम्ही हसलो. तीन वर्षांच्या पोरीच्या चित्रातला हत्ती आणि बस, फरक तरी किती असतो. अप्पांनी चित्र घडी घालून खिशात ठेवलं आणि विषय बदलला. “धैर्यशीलराव, ह्या गाडीला असं भागायचं न्हाई. सस्पेन्शन बघा हिचं.”

झालं. तिथून पुढं आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही.

मला काय हवं होतं ते अगदी साधं होतं. गाडी अप्पांच्या दारापर्यंत जावी. मला घरात शिरून बघायचं होतं की हा माणूस काय खातो, कुठं झोपतो, वजन उतरलंय ते कशानं. दिवाळीत त्यांचा शर्ट अंगावर नाही, हँगरवर असल्यासारखा दिसत होता. मी हे धैर्यशीलला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणूनच म्हणतो, आधी गाडीचा निकाल लावू.”

निकाल लावायला तो रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फोन स्पीकरवर टाकून अप्पांना लावायचा. जावई आणि सासरा इतके गुण्यागोविंदानं बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होते.

“अप्पा, स्प्रिंगखाली रिंगा बसवतात. गाडी इंचभर उचलते. स्वस्तात काम.”

“रिंगा? चपलंला टाच लावल्यागत हाय ते. वळणावर गाडी झुकंल. शरू पोरीला घिऊन घाटातनं येणार, म्हाईत हाय न्हवं?”

शरू, म्हणजे मी, ताटावरून वर बघायचे. रिंगांचा विषय तिथंच संपायचा.

आठ दिवसांनी, “अप्पा, मग कडक स्प्रिंग टाकतो. बूड टेकणारच नाही.”

“टाका की,” अप्पा म्हणाले. मग थोडं थांबून, “पर ल्हान पोराच्या मानंला हिसका बसतो म्हणत्यात त्यानं. आमच्या एसटीचं पाटं कडक, पर आमच्या प्याशिंजरात तान्ही पोरं किती असायची?”

“अप्पा, तुम्ही टाका म्हणताय की नको म्हणताय?” मी विचारलं.

“मी आपलं सांगतो. गाडी तुमची, पोर तुमचं.”

मानेचं ऐकल्यावर मी चार दिवस झोपले नाही. तरी धैर्यशीलनं कडक स्प्रिंग टाकल्याच, कारण कुणी तरी कुठल्या तरी व्हिडिओत टाकल्या होत्या आणि तो माणूस लडाखला जाऊन आला होता. आम्हाला लडाखला जायचं नव्हतं, बालवाडीत जायचं होतं. पहिल्या दिवशी सहाव्या स्पीडब्रेकरला गार्गीनं दूध ओकलं. दुसऱ्या दिवशी चौथ्याला. तिसऱ्या दिवशी बालवाडीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मुलीच्या पोटाचं दाखवलंय का कुठं?”

“पोटाचं नाही, नवऱ्याचं दाखवायचंय,” मी म्हणाले. बाईंना कळलं नाही आणि मलाही समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

त्या संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या मी चावी टेबलावर टाकली. “त्या स्प्रिंग काढ.”

“अगं, आठवड्यात सेट होतील. मातीच्या रस्त्यावर बघ कशी...”

“धैर्यशील, महिन्यातनं एकदा सहा किलोमीटर मातीवर जायचंय म्हणून माझं पोर रोज ओकणार आहे का?”

“मग मऊ टाकू, पण मग अप्पांकडं...”

“अप्पांकडं आपण गेलोच नाही. दोन महिने झाले.”

 तो हळूच म्हणाला, “अप्पाच म्हणाले ना, घाई नको. चांगलं बघून घ्या म्हणाले.”

खरंच म्हणाले होते. प्रत्येक वेळी म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः उद्यमनगरात मिस्त्रींकडं गेले. ते माझी वाट बघत असल्यासारखे हसले. “कडक स्प्रिंग काढायची न्हवं?”

“काढा. आणि तुम्हाला योग्य वाटेल ते घाला. मला आता दहा प्रकार नकोत.”

“वैनी, ह्यात अवघड काय न्हाई. रोज डांबरावर चालतीया, तर डांबरासाठी बांधायची. तुमच्या जुन्या स्प्रिंग बसल्यात, शॉकअप मेल्यात. कंपनीच्या मापाचीच नवी स्प्रिंग टाकतो, शॉकअप जरा बऱ्यातले टाकतो. पोरगी झोपंल गाडीत. मातीत जाताना डिकी मोकळी ठेवायची आनि सावकाश जायचं. एवढंच.”

“आणि त्या चरीत?”

“त्या चरीचं मी मागंच बोललोय,” मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा बोलले नाहीत. त्यांनाही मान होता.

गाडी त्यांनी चार दिवसांनी दिली. पाचव्या दिवशी गार्गी नवव्या स्पीडब्रेकरपर्यंत गाणं म्हणत गेली. मी बालवाडीच्या फाटकात उभी राहून रडायचीच बाकी होते, इतकं बरं वाटलं. घरी आल्यावर धैर्यशीलला म्हणाले, “रविवारी जायचं. आणि अप्पांना फोन करायचा नाही.”

“का?”

“ते पुन्हा काहीतरी सांगतील आणि आपण पुन्हा थांबू.”

जानेवारीतला रविवार. सातला निघालो. गडहिंग्लज मागं टाकलं, आजरा मागं टाकलं, डांबर सुटलं आणि मातीवर गाडी अशी काही तरंगत गेली की गार्गी झोपून गेली. धैर्यशील दर दोनशे फुटांवर “बघितलंस?” म्हणत होता. मी बघत होते. रस्त्यावर खड्डे होते, दगड होते, पण गाडी कुठंही टेकली नाही.

मग ती चर आली. झावळ्या वाळून आत बसल्या होत्या. धैर्यशील गाडी थांबवून कोनाचा अंदाज घ्यायला उतरला. वाकला, गुडघ्यावर बसला, एक झावळी ओढून बाजूला टाकली, मग दुसरी. आणि तिथूनच म्हणाला, “शर्वरी, जरा इकडं ये.”

मी उतरले.

चर दीड हात रुंद, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ. दोन्ही कडा उभ्या तासलेल्या. कडेला फावड्याच्या पात्याचे वार ओळीनं दिसत होते. उपसलेली माती पलीकडं ढीग करून ठेवलेली, त्यावर गवत उगवलेलं.

“पाणी असं काटकोनात वाहत नाही,” धैर्यशील म्हणाला. “ही कुणीतरी खणलीय.”

मी पुढं बघितलं. चरीच्या पलीकडचा रस्ता घराच्या फाटकापर्यंत तळहातासारखा साफ होता. आणखी दोन ठिकाणी वगैरे काही नव्हतं.

माझ्या डोक्यात एकच आलं, बांधाचं भांडण. एकटा म्हातारा बघून शेजाऱ्यानं वाट अडवली आणि अप्पा आम्हाला त्रास नको म्हणून पावसाचं नाव सांगतायत. अडीच महिने आम्ही गाडीच्या पोटाखाली डोकं घालून बसलोय आणि इथं कुणीतरी माझ्या बापाचा रस्ता तोडून बसलाय. मी चप्पल हातात घेतली नाही इतकंच, बाकी तावातावानं त्या दीडशे पावलांत मी त्या शेजाऱ्याला काय काय बोलायचं ते सगळं जुळवून टाकलं. मागून धैर्यशील झोपलेल्या गार्गीला खांद्यावर घेऊन येत होता.

फाटकाशी आल्यावर मला दोरी दिसली. निळी नायलॉनची. पडवीच्या खांबाला बांधलेली, तिथून विहिरीकडं, विहिरीकडून संडासाच्या दाराकडं, कमरेइतक्या उंचीवर ताणलेली. आणखी एक फाटकातून बाहेर गवतात गेली होती, काजूच्या झाडाच्या दिशेनं. कपडे वाळत घालायची असेल म्हणावं तर तिच्यावर एक टॉवेल नव्हता.

अप्पा विहिरीकडून येत होते. उजव्या हातात कळशी, डावा हात दोरीवर सरकत येणारा. मी अंगणात मधोमध उभी होते. ते दहा फुटांवर आले आणि थांबले. चेहरा माझ्याकडं नव्हता, माझ्या जरा बाजूला होता.

“कोण हाय?” ते म्हणाले.

मी एक पाऊल पुढं टाकलं.

“सदा?” सदा त्यांचा वाटेकरी, बाग बघणारा.

गार्गी जागी झाली होती. “आजोबा, आम्ही आहे,” ती म्हणाली.

अप्पांनी कळशी खाली ठेवली. ये म्हणाले नाहीत. “हॉर्न का न्हाई वाजवला?” म्हणाले.

“अप्पा, खालची चर कुणी खणलीय?”

“पावसानं...”

“अप्पा, मी उतरून बघून आलेय.”

त्यांनी खांब चाचपला आणि पडवीच्या कट्ट्यावर बसले. धैर्यशील म्हणाला, “चल गार्गी, आपण कोंबड्या बघू,” आणि घरामागं निघून गेला. त्याचं हे मला नेहमी आवडतं, कुठं नसावं ते त्याला कळतं.

“मी पाणी पिऊन येते,” मी म्हणाले.

“थांब, मी देतो,” अप्पा गडबडीनं उठले. पण त्यांना दोरी धरून यायचं होतं आणि मला नव्हतं.

स्वयंपाकघरात चुलीशेजारी भिंत काळी झाली होती आणि शेगडीभोवती अर्ध्या जळालेल्या काड्यांचा सडा होता. फळीवरच्या प्रत्येक डब्याच्या कानाला सुतळी बांधलेली. एकीला एक गाठ, एकीला दोन, एकीला तीन. एक गाठवाला उघडला, मीठ. दोन गाठींत साखर. तीन गाठींत चहा. भाताचं पातेलं होतं, भाजीचं काही नव्हतं. भिंतीवर गार्गीचं चित्र भाताच्या शितांनी चिकटवलं होतं. बस उलटी होती, चाकं वर.

मी पाणी न पिता बाहेर आले. “कधीपासून?”

“डावा दोन वर्सं झाली. उजवा पावसाळ्यापासनं. नळीतनं बगितल्यागत दिसतंय.”

“डॉक्टरला दाखवलं?”

“सदानं नेलतं. काचबिंदू म्हणाला. थेंब घाला, कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरला दावा म्हणाला. सदाला मी शपथ घातली, शरूला कळवायचं न्हाई.”

“आणि चर?”

“मीच मारली. दोन दीस लागलं. गाडी दारात आली असती तर तू आत आली असतीस.”

“हो, आले असते.”

“मग मला उचलून त्या दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठिवलं असतंस.”

“हो, ठेवलं असतं.”

“म्हणून तर.”

मला एकदम ती स्पीकरवरची सगळी संभाषणं आठवली. “आणि सस्पेन्शन? रिंगा नको, कडक नको, घाई नको?”

अप्पांच्या तोंडावर ओशाळं हसू आलं. “तू स्प्रिंग निवडत हुतीस तवर येत न्हवतीस,” ते म्हणाले. “आनि तुला पोरीचं एकदा काय सांगितलं की तू आठ दीस गप बसत हुतीस.”

मला खूप समजूतदार काहीतरी बोलायचं होतं. ते सुचलं नाही. मी म्हणाले, “तुमच्यापायी माझं पोर तीन दिवस गाडीत ओकलं, माहीत आहे का?”

“ओकलं? ते न्हाई सांगितलं मला कुणी.”

“तुम्ही काय काय सांगितलंत मला?”

 अप्पा शर्टाची बाही वर सरकवून कोपराजवळची भाजलेली जागा खाजवत म्हणाले, “एकतीस वर्सं डोळ्यावर भाकरी खाल्ली मी, शरू. धुक्यात, पावसात. लोकं म्हणायची, ईश्वरा देसाई गाडीवर हाय, झोपा आता खुशाल. तो मी दोरी धरून संडासला जातो, हे तुला दावायचं?”

मी त्यांच्या शेजारी बसले. कोंबड्यांच्या मागं गार्गी ओरडत धावत होती आणि अप्पा तिच्या आवाजाकडं मान वळवत होते, ती जाईल तिकडं.

“चला,” मी म्हणाले. “ऐकायचं नाही मला काही.”

“आजच?”

“आजच.”

धैर्यशीलनं फावडं घेऊन चर बुजवली. अप्पा चरीच्या काठावर उभे राहून त्याला सूचना देत होते, “माती दाबा, धैर्यशीलराव, नुसती टाकू नका. पाय द्या तिच्यावर.” घड्याळ लावून बघितलं मी. दहा मिनिटं लागली.

डॉक्टरांनी दोन दिवसांनी तपासलं. वय झालेले, शांत गृहस्थ. “गेलेली नजर परत येणार नाही,” ते म्हणाले. “उजव्या डोळ्यात उरलंय तेवढं राखू. तीनेक महिने आधी आला असता तर जास्त राखता आलं असतं.” ते रागावले नव्हते, थेंबांचं नाव लिहिता लिहिता बोलत होते. मी मनातल्या मनात महिने मागं मोजले. तीन महिने आधी म्हणजे दिवाळी. दिवाळीत मी त्यांच्यासमोर चाळीस मिनिटं बसून थर्मासमधला चहा पीत होते.

अप्पा आता आमच्याकडं असतात, दुसऱ्या मजल्यावर, कुरकुरत. उरलेली नजर अजून टिकून आहे. पेपर गार्गी वाचून दाखवते आणि चुकली की ते तिला मथळा पुन्हा वाचायला लावतात. दोघांचं रोज भांडण होतं आणि मला दोघांनाही रोज ओरडावं लागतं.

एक मागणं आहे तुमच्याकडं. तुमच्या घरच्या एकट्या राहणाऱ्या माणसाकडं तुम्ही शेवटचं गेलात, तेव्हा त्यांनी तुम्हाला कुठं बसवलं ते जरा आठवा. अंगणात, फाटकाशी, खाली पार्किंगमध्ये, कुठंतरी बाहेरच भेटून ते तुम्हाला निरोप देत असतील, आणि त्याला ऊन, रस्ता, जिना असं चांगलं कारण देत असतील, तर या आठवड्यात जाऊन या. फोन करू नका. आणि गेलात की पाणी मागू नका. उठून आत जा आणि स्वतःच्या हातानं घ्या.